हरलेले डाव चारचौघांत

नागपूर

ती. बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू हळूच सांगितलंस, पण मला कळायचं ते कळलं. दादाच्या पोराने मोबाईलवर माझे बुद्धिबळाचे डाव दाखवले आणि बाबा संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. ‘पोरगी हरल्याचं साऱ्या जगाला सांगत बसते,’ एवढंच म्हणाले. त्यात रविवारची शिकवणी सोडल्याचंही त्याच दिवशी कानावर गेलं. फोनवर असं काही धड बोलणं होत नाही, रेंज जाते आणि अर्ध्यात तुटतं. म्हणून लिहिते. बाबांना चष्मा लावून सावकाश वाचू दे, तू घाई करू नकोस.

आधी पैशाचं, कारण तुमचा जीव तिथेच अडकला असणार. शाळेची नोकरी आहे आणि घरी येतात तेवढे पैसे येतच राहतील. शिकवणीचे पैसे मी तसेही पोस्टात टाकत होते, खर्चाला धरतच नव्हते. खोलीचं भाडं दोघींत निम्मं पडतं. डबा चांगला आहे, ज्वारीची भाकरी असते, आणि तू दिलेली जवसाची चटणी अजून अर्धी बरणी आहे. गाद्या नव्या घेतल्या, मच्छरदाणी आहे, थंडीचं गरम पाणी मिळतं. मी नीट खाते, नीट झोपते. शिकवणी सोडल्याने माझं काहीही अडलेलं नाही आणि क्लासवाल्यांना तसं सांगूनही झालं आहे, तेव्हा आता त्यावर विचार नको.

बाबा, आता डावांचं. मी खेळते ते रॅपिड. दोघांना १५-१५ मिनिटं, शिवाय दर चालीला १० सेकंद वाढवून मिळतात. पाऊण तासात डाव संपतो. इंटरनेटवर लिचेस नावाचं ठिकाण आहे, तिथे एक रुपया लागत नाही, जाहिरात नाही, लोकांच्या देणगीवर चालतं. डाव संपला की तिथेच तो मांडून चालीचालीला शेजारी लिहिता येतं, चांगल्या चालीला उद्गारचिन्ह, चुकलेल्या चालीला प्रश्नचिन्ह. समोरच्याचं नाव मी काढून टाकते. माझं मात्र ठेवते.

तुम्ही पाहिलेला डाव बहुतेक तोच असेल. माझ्याकडे काळे. पांढऱ्याचा उंट सी ४ च्या घरात, घोडा जी ५ वर येऊन बसलेला, दोघांची नजर माझ्या एफ ७ च्या प्याद्यावर. मी डी ५ ला प्यादं सारलं, त्याने मारलं, आणि मी क्षणात घोड्याने परत मारलं. त्याने घोडा सरळ एफ ७ वर घातला. एकाच वेळी माझ्या वजिरावर आणि हत्तीवर. राजाने घोडा घेतला तर वजीर एफ ३ वर येऊन शह, आणि त्याच माऱ्यात डी ५ चा घोडाही. तो वाचवायचा तर राजाला ई ६ वर, भर पटावर उघड्यावर यावं लागतं. पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको.

माझ्या त्या घोड्याने मारण्याच्या चालीपुढे मी प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं, ‘प्यादं परत मिळवायची घाई. त्याचा घोडा कुठे उडी मारेल ते पाहिलंच नाही. दुसरा घोडा ए ५ ला नेऊन उंटाला हाकलायला हवं होतं.’ हे मी संगणकाला विचारण्याआधी लिहिते, बाबा. संगणक नुसता आकडा दाखवतो. त्या घटकेला माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते त्याला ठाऊक नसतं. आणि मी हे चारचौघांत ठेवलं म्हणूनच कुणीतरी दाखवून दिलं, की तिथे तोच दुसरा घोडा डी ४ वर नेणारेही आहेत. मला एकटीला ते सुचलं नसतं. जगज्जेता बोट्विनिक हेच सांगायचा, स्वतःच्या डावांवर लिहा आणि छापा, म्हणजे लोक तुमच्या चुका काढतील.

आणि बाबा, बोंडअळीच्या वर्षी, २०१७ साली, तुमच्या लाल वहीत काय लिहिलं होतं? ‘कामगंध सापळे लावायला उशीर झाला.’ वावरातली पऱ्हाटी तशीच उभी होती. ती वही तुम्ही घरात लपवली नाहीत, पारावर नेऊन वाचून दाखवलीत. पुढच्या वर्षी आपल्या शेजारच्या धुऱ्यावर अळीचे पतंग पकडायचे ते सापळे वेळेत लागले. माझं हे लिहिणं त्या वहीसारखंच आहे. तुमच्याकडूनच आलं आहे. त्यात तुमचं नाव खाली जात नाही, माझ्या मनात तर ते फार वर जातं.

खेळात मुलीचं काय होतं असं मावशी विचारते, तिला सांग, नागपूरच्याच दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला तिने रॅपिडच्याच टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या डावांत, हरवलं. मी काही तिथे पोचणार नाही, पण मला हा खेळ नीट समजून घ्यायचा आहे, आणि रविवारी दोन तास त्याला द्यायचे ठरवले आहेत.

बाबा, तुम्ही मला ओसरीवर पट मांडून द्यायचे. एक हत्ती हरवला होता, त्याच्या जागी बाभळीचा तुकडा होता, आठवतो ना? मी झोपले की डाव तसाच ठेवायचे, आईने झाडताना हात लावला की ओरडायचे. मी सकाळी उठून आधी पटाकडे पळायची, मग दात घासायची.

आता नीट ऐका, दोघांनीही. हरभऱ्याला पाणी द्यायला बाबांनी रात्रीच्या लाईनीला वावरात जायचं नाही. सालदाराला पाठवा, त्याचे जास्तीचे पैसे मी देते. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात थेंब वेळेवर टाका, आई टाकून देईल, ‘मी टाकले’ असं म्हणून टाळायचं नाही. बीपीची गोळी जेवणानंतर नाही, सकाळीच. आई, तू गुडघ्याला शेक घे आणि विहिरीवरून घागर आणू नकोस, नळ येईल तेव्हाच भर. लोणचं बाबांच्या ताटात वाढायचं नाही, त्यांनी मागितलं तरी.

बाबा, दादाच्या पोराला सांगून ठेवलं आहे. तुमच्या मोबाईलवर तो एक डाव लावून देईल, एका चालीला ३ दिवस असलेला. घाई नाही, डोळ्याला त्रास नाही, अक्षरं मोठी करून दिली आहेत. पांढरे तुमचे. त्या डावावरही मी लिहिणार, पण तुम्हाला विचारल्याशिवाय कुठे ठेवणार नाही.

दारव्ह्याच्या एसटीने गोळ्या आणि थेंब पाठवते. मागचा स्टीलचा डबा तेवढा परत पाठवा.

तुमची,
सुमी