यंत्रासाठी, आणि यंत्रामागच्या हातांसाठी

सप्रेम नमस्कार.

आमचा आधारगट मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असलेल्या माणसांचा आणि त्यांच्या घरच्यांचा आहे. जुने वॉकर गोळा करणं, नवीन निदान झालेल्यांच्या घरी जाऊन बसणं, असं जमेल ते आम्ही आपापसात करत आलो. या वेळी मात्र गरज आमच्या आवाक्याबाहेरची आहे. चालण्याच्या सरावासाठी आम्हाला रोबोटिक एक्सोस्केलेटन, म्हणजे पायांना बांधायचा मोटरवर चालणारा सांगाडा, घ्यायचा आहे.

एमएसमध्ये रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर उलटते आणि त्यांच्यावरचं मायलिनचं आवरण खराब करते. मग मेंदूने पायाला धाडलेला निरोप वाटेत रेंगाळतो, अर्धवट पोचतो, कधी पोचतच नाही. शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं. आज जगभरात २८ लाखांहून अधिक लोकांना तो आहे, त्यात बायका पुरुषांच्या दुपटीहून जास्त. निदान बहुतेकदा विशी ते चाळिशीत होतं, म्हणजे नोकरी, लहान मुलं, म्हातारे आईवडील हे सगळं एकदमच अंगावर असताना.

आमच्या गटातल्या एक ताई पूर्वी काठी घेऊन चालायच्या. पुढे पायाचा पंजा उचलला जाईना, मांड्या ताठरल्या, आणि दोन वेळा पडल्यावर त्यांनी व्हीलचेअर धरली. चालणं सुटल्याचं दुःख त्यांना आहेच. पण त्याहून जास्त त्या बोलतात ते उभं राहून समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलण्याबद्दल. त्यांचं हे म्हणणं आमच्यापैकी कुणाच्याच मनातून जात नाही.

एक्सोस्केलेटन म्हणजे कमरेपासून पावलापर्यंत पट्ट्यांनी बांधायचा सांगाडा. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या सांध्यापाशी मोटर असतात. माणसाने अंगाचा भार एका पायावर घेतला की सेन्सर तो ओळखतात आणि दुसरा पाय पुढे पडतो. कोणत्या पायाला किती मदत द्यायची हे फिजिओथेरपिस्ट ठरवतात, आणि माणसाची ताकद वाढेल तशी यंत्राची मदत कमी करता येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२२ मध्ये एक्सोएनआर या यंत्राला एमएसच्या रुग्णांच्या पुनर्वसनासाठी मान्यता दिली. एमएससाठी अशी मान्यता मिळालेलं ते पहिलंच एक्सोस्केलेटन.

यंत्र आलं की माणसं पूर्वीसारखी चालू लागतील, असं आम्ही म्हणणार नाही. ते आजार बरा करत नाही. इटलीत चालणं फारच अवघड झालेल्या एमएसच्या ७२ जणांवर एक चाचणी झाली. ट्रेडमिलवरच्या रोबोटने करवून घेतलेला सराव आणि थेरपिस्टने जमिनीवर कसून करवून घेतलेला सराव, यांत रोबोट सरस ठरला नाही. हे यंत्र त्याहून वेगळं असलं, तरी हा निष्कर्ष देणगीदारांपासून लपवणं आम्हाला पटत नाही. त्यातून आम्ही एवढं घेतलं, की गुण सरावाला आहे.

आणि सरावाला हात लागतात. ज्यांना पायावर उभं राहणंच कठीण, त्यांना जमिनीवर चालवायला दोन्ही बाजूंनी दोघं आणि मागे व्हीलचेअर घेऊन तिसरं माणूस लागतं. थोड्या वेळात आधार देणारेही थकतात. आमच्याकडे एवढी माणसं रोज नसतात, म्हणून सराव बुडतो. सांगाडा अंगाचा भार पेलतो, त्यामुळे कमी माणसांत जास्त पावलं टाकून होतात. पण प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट नसेल, तर तेच यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडेल. म्हणून जमणारा निधी दोन वेगळ्या खात्यांत राहील: एक यंत्राचं, दुसरं थेरपिस्टच्या प्रशिक्षणाचं आणि मानधनाचं. दुसरं खातं किमान वर्षभर पुरेल इतकं भरल्याशिवाय आम्ही यंत्राची मागणी नोंदवणार नाही.

आणखी दोन खर्च वरून किरकोळ दिसतात. उष्णतेने एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात, तेव्हा सरावाची खोली थंड ठेवावी लागेल. शिवाय येण्याजाण्यातच दमून गेलेल्या माणसाला सराव काय करवणार? व्हीलचेअर चढेल अशी गाडी हवी. कुणाकडे असेल आणि आठवड्यातून एखादी फेरी जमत असेल, तर ती आम्हाला पैशांइतकीच मोलाची आहे.

हे यंत्र सगळ्यांना चालत नाही. उंची-वजनाची मर्यादा असते. हाडं ठिसूळ असतील, सांधे आखडले असतील, उभं राहताच रक्तदाब उतरत असेल किंवा कातडीला जखमा असतील, तर आधी डॉक्टरांची तपासणी लागते आणि काहींना नकार मिळतो. असा नकार मिळालेल्यांनाही तेच थेरपिस्ट तितकाच वेळ देतील, मग तो सराव जमिनीवरचा असो की खुर्चीत बसून.

प्रत्येक देणगीची पावती मिळेल. यंत्र महिन्यात किती तास वापरलं गेलं आणि किती तास नुसतं पडून राहिलं, हे दोन्ही आकडे जमाखर्चासोबत देणगीदारांना कळवू.

ज्यांना पैसे देणं शक्य नाही त्यांनी वेळ द्यावा. पट्टे बांधायला, सोडायला, सरावानंतर कातडीवर कुठे वळ उठलाय का ते बघायला माणसं हवी आहेत. शिकवण्याची जबाबदारी आमची. आठवड्यातले कोणते दोन तास देऊ शकाल, एवढं गटातल्या कुणालाही सांगा.