शेकरपाशी जागलेल्या, आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

अश्वगंधेतल्या स्टेरॉइडांवरच्या माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव आहेच. पण तिथे ज्यांनी काडीही हलवली नाही त्यांच्याही वाट्याला ‘मोलाचं मार्गदर्शन’ अशी एक ओळ येते. त्यांच्या रांगेत तुम्हाला उभं करून माझं समाधान होईना. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

तुम्ही मला एकदा विचारलं होतं, “ताई, हे स्टेरॉइड म्हणजे जिमवाली पोरं टोचून घेतात तेच का?” मी घाईत होते, नुसती हसले. आता नीट सांगते. भाऊबंदच ते. कार्बनच्या चार कड्या एकमेकींना चिकटलेला सांगाडा सगळ्यांचा सारखा. आपल्या अश्वगंधेतल्या विथॅनोलाइडांचाही, म्हणजे तिच्यातल्या औषधी द्रव्यांचाही, तोच. रसेल मार्कर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मेक्सिकोतल्या रानकंदांमधल्या डायोसजेनिन या स्टेरॉइडपासून प्रोजेस्टेरॉन हे स्त्री-संप्रेरक बनवलं. औषध कंपन्या पैसा घालायला तयार नव्हत्या, तर पठ्ठ्या विद्यापीठाची नोकरी सोडून मेक्सिकोला गेला. तिथे १९४४ मध्ये सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली, आणि पुढे संततिनियमनाच्या गोळ्या याच कंदांच्या जिवावर आल्या. मग जगभर कंद उपसणं सुरू झालं. आपल्या हिमालयातला डायोस्कोरिया डेल्टॉइडिया तर इतका खणला गेला की त्याच्या परदेशी व्यापारावर बंधनं घालावी लागली. झाड न उपटता त्याच्या पेशीच बाटलीत वाढवाव्यात, हा खटाटोप त्यासाठी.

अश्वगंधेचं मूळ शेतात तयार व्हायला पाच-सहा महिने जातात, आणि जमीन बदलली की आतला कसही बदलतो. प्रयोगशाळेत पेशींचा नुसता गोळा वाढवला तर तो फोफावतो, पण विथॅनोलाइड द्यायला महाकंजूष. म्हणून आपण पानाला अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजेनिसची लागण करत होतो. हा जिवाणू आपली जनुकं पानात घुसवतो आणि जखमेतून केसांसारखी मुळं फुटतात. त्यांना वाढायला वरून संप्रेरकं लागत नाहीत. हवा मात्र लागते. ती पातळ माध्यमात बुडालेली असतात, म्हणून फ्लास्क हलवत ठेवणारं ते यंत्र, तो शेकर, रात्रंदिवस फिरता ठेवायचा.

आणि त्याच शेकरला इन्व्हर्टर द्या म्हणून मी केलेल्या अर्जावर ‘निधी उपलब्ध झाल्यावर विचार करू’ असा शेरा आला होता. जनरेटर होता; डिझेल नव्हतं. वादळात खांब पडून लाइट गेली त्या रात्री मी गावी होते. ज्यांच्याकडे विभागाची जबाबदारी होती त्यांना फोन केला, तर “मुळंच आहेत ना, परत लाव” असं उत्तर मिळालं. पगार कुणाचा किती, यावर मी बोलत नाही.

तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही क्वार्टरमधून टॉर्च घेऊन आपणहून वर गेलात आणि एकेक फ्लास्क हाताने हलवत बसलात. मुळं जगली. पण मामा, मला खरी हलवून गेली ती शेकरला चिकटवलेली तुमची चिठ्ठी. “२.१० लाइट गेली. हाताने हलवतो आहे. ३.३० ते ४ डोळा लागला, हलवल्या नाहीत. ५.५० आली.”

तो अर्धा तास तुम्ही लिहिला नसतात तर कुणाला कळणार होतं? आणि तोच नेमका मला हवा होता. निम्म्या फ्लास्कांत मिथाइल जास्मोनेट घातलेलं होतं. त्यानं मुळांना वाटतं आपल्यावर किडीचा हल्ला झालाय, आणि ती बचावासाठी विथॅनोलाइड जास्त बनवायला लागतात. हवेविना घुसमटणं हाही मुळांवरचा ताणच. मग आकडा हलला तो जास्मोनेटनं की घुसमटीनं, हे कुठल्या तोंडानं सांगणार होते मी? तुमच्या चिठ्ठीमुळे ती बॅच बाजूला काढली आणि प्रयोग नव्याने लावला. प्रबंधात दोन्ही आकडे वेगवेगळे छापलेत. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. मी चिठ्ठीचा फोटो दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “पुढे चला.”

या क्षेत्रात नको तो आकडा गुपचूप गाळणारे मी पाहिलेत, आणि त्यांच्या नावामागे पदव्यांची माळ असते. प्रामाणिकपणा शिकवायला आम्हाला सक्तीचा कोर्स आहे, हजेरीसकट. तुमच्यासारखी माणसं त्या वर्गाबाहेर स्टुलावर बसलेली असतात, चहा आणा म्हटलं की उठतात, आणि आम्हाला वाटतं शिकवणारे आत आहेत. चांगुलपणा बहुधा असाच, विनाशेरा चालतो.

एक कामाचं राहिलं. त्या रात्रीचा ओव्हरटाइम तुम्हाला अजून मिळालेला नाही, हे ऑफिसात विचारल्यावर कळलं. अर्ज मी लिहून ठेवलाय, चिठ्ठीची झेरॉक्स जोडून. सोमवारी घेऊन येते. “राहू दे ताई” म्हणू नका, सही करा.

तुमची,
अश्वगंधावाली ताई