मॉर्फिनची गोळी तुमच्या मेडिकलमध्ये का मिळत नाही?

प्रति,
मा. व्यवस्थापक,
रुग्णालय विभाग, मिरज, जि. सांगली

विषय: कॅन्सरच्या रुग्णासाठी मॉर्फिनच्या गोळ्या न मिळाल्याबद्दल तक्रार

महोदय,

माझे वडील तुमच्या मिरजेच्या रुग्णालयात उपचार घेत आहेत. आजार मणक्यात उतरला आहे. ट्रॅमाडॉल या वेदनाशामक औषधाने आता भागत नाही. रात्री कूस बदलायची झाली की अण्णा खाटेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरतात, आणि कळ ओसरेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही.

तुमच्याच डॉक्टरांनी मॉर्फिनची, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या जास्त तीव्र वेदनाशामकाची, १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी लिहून दिली. चिठ्ठी घेऊन तळमजल्यावरच्या तुमच्याच मेडिकलमध्ये गेलो, तर उत्तर आले, "ती आम्ही ठेवत नाही, परवान्याची भानगड असते." आणि फेंटानिल या दुसऱ्या वेदनाशामकाचा कातडीवर चिकटवायचा पॅच पुढे केला. तो दर तीन दिवसांनी बदलायचा. त्याचा महिन्याचा खर्च आमच्यासारख्या शेतकऱ्याला झेपणारा नाही. काउंटरवरच्या मुलाचा यात काही दोष नाही, त्याला वरून सांगितले तेच तो बोलला.

पण परवान्याचे कारण मला पटत नाही. अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एनडीपीएस कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली. पूर्वी मॉर्फिनसाठी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने जमवावे लागत. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता घेतली की पुरते. प्रशिक्षित डॉक्टर आणि नीट ठेवलेली नोंदवही लागते, ते तुमच्याकडे सहज होण्यासारखे आहे. शिवाय फेंटानिलसुद्धा या कायद्याखाली मॉर्फिनच्याच यादीतले औषध. मग महागडा पॅच ठेवता येतो आणि काही रुपयांची गोळी ठेवता येत नाही, हे कसे? गोळीत नफा नाही म्हणून असे होत असेल, तर ते रुग्णाच्या जिवावर चालले आहे. ही गोळी राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि तिच्यासाठी लागणारी अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश-राजस्थानच्या शेतांत सरकारी परवान्यावर पिकते. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात ती मिळू नये, याचा संताप येतो.

मॉर्फिनच्या गोळ्यांचा साठा मेडिकलमध्ये कायम ठेवावा, मान्यता नसेल तर अर्ज आजच करावा. तोवर जिथे गोळी मिळते तिथे तुमच्या डॉक्टरांनी स्वतः फोन करून अण्णांची सोय लावावी, आम्हाला दारोदार फिरवू नये. आठ दिवसांत लेखी उत्तर द्यावे.

आपला,
रुग्णाचा मुलगा
ता. तासगाव, जि. सांगली