लांबच्या ट्रेकला वाद्य नेणाऱ्यांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. लांब पल्ल्याच्या ट्रेकला वाद्य आणू का, असं बरेच जण विचारताहेत. जरूर आणा, पण स्वतःच्या पाठीवर. चौथ्या दिवशी ‘जरा धर ना’ चालणार नाही.

माउथ ऑर्गन सगळ्यांत सोयीचा, खिशात मावतो. मात्र खाल्ल्या खाल्ल्या वाजवू नका. अन्नाचे कण आतल्या धातूच्या पत्तीत अडकले की तो सूर मुकाच होतो. आधी चूळ भरा. बासरी सॅकच्या आत कपड्यांत गुंडाळून ठेवा, बाहेर लटकवू नका. गिटारपेक्षा सोप्रानो युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) बरं, लांबी साधारण २१ इंच. लाकडी वाद्य उन्हात किंवा शेकोटीजवळ राहिलं तर सांधे सुटतात, लाकूड तडकतं. रात्री दव पडतं, तेव्हा ते तंबूत घ्या.

चालता चालता वाजवायचं तर फक्त सपाट, रुंद वाटेवर. उतारावर दोन्ही हात मोकळे हवेत. मुक्कामी अंधार पडल्यावर शेजारच्या तंबूंना विचारूनच. पहाटे निघणारे लवकर झोपतात. आणि ब्लूटूथ स्पीकर हे वाद्य नव्हे, तो घरीच राहू द्या.

कोण काय आणणार ते ट्रेक लीडरला आधी कळवा. तीन-तीन युकुलेले नकोत.