सुरतेत हुकलेलं ग्रहण परत येतंय

कोल्हापूर,
२८ एप्रिल २०२४

प्रिय सुन्या,

जोतिबाची यात्रा आटोपली, गावातली गर्दी ओसरली आणि माझी उलटीपालटी झालेली झोपही जाग्यावर आली, म्हणून आज लिहायला बसलोय. फोनवर तू "दिसलं का?" एवढंच विचारलंस, मी "दिसलं" एवढंच म्हणालो. मला तेव्हा बोलायला सुचत नव्हतं.

२००९ आठवतंय ना? २२ जुलैचं खग्रास सूर्यग्रहण. महालक्ष्मी एक्सप्रेसनं दादर, तिथनं सुरत, आणि पहाटे कुणाच्या तरी गच्चीवर आपण दोघं स्टँड लावून ढगांकडं बघत बसलेलो. अंधार तेवढा पडला, अंगावर घोंगडं टाकावं तसा. कावळे गप्प झाले, तीन मिनिटांनी परत उजाडलं, सूर्याचा पत्ता नाही. तू म्हणालास, "जुलैचे ढग बघायला सुरतेपर्यंत यायला लागतंय व्हय रं? रंकाळ्यावर फुकट दिसले असते." त्यात गटारी अमावस्या, आणि आपण ढोकळा खाऊन परतलो. त्या ढोकळ्याची माफी तू मला अजून दिलेली नाहीस.

तर या वेळच्या ग्रहणाला अमेरिकेतल्या डॅलसच्या भाच्यानं बोलावलं. त्यांच्या शहरापासून दक्षिणेला वॅक्साहॅची म्हणून गाव आहे (नाव मी तीनदा विचारून घेतलं), तिथं खग्रास चार मिनिटांच्या वर. ८ तारखेला सकाळी उठून बघतो तर आभाळ भरलेलं. म्हटलं, सुरत काय आपली पाठ सोडत नाही. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला गरुड मंडपात उभं राहिल्यावर कसं होतं बघ. मावळतीची किरणं देवीच्या पायांवर आली, आता कमरेपर्यंत चढणार, आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "पश्चिमेला ढग हाय." तशीच धाकधूक. फरक एवढाच की इथं उद्या परत येऊन बघायची सोय नव्हती. दुपारी बाराच्या पुढं ढग फाटायला लागले तेव्हा माझ्या घशाला कोरड पडलेली.

ऊन कमी झालं असं म्हणता येणार नाही, ते विटलं. सावल्यांच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या झाल्या. गार वारा सुटला. १ वाजून ४० मिनिटांच्या सुमाराला शेवटचा ठिपका उरला, हिऱ्याची अंगठी, आणि मी लेन्सवरचा फिल्टर उपसला. (फिल्टरला पुठ्ठा महाद्वार रोडवरच्या चपलांच्या खोक्याचा. भाच्याच्या मित्रांनी त्याचेच फोटो जास्त काढले.)

लेका, फोटोत करोना, म्हणजे सूर्याभोवतीचं तेजाचं वलय, धुरासारखा दिसतो. खरा तसा नसतो. मधे काळं भोक आणि भोवती पिंजलेल्या कापसाचे तंतू, चहूबाजूंनी. सूर्यावर सध्या डागांचा जोर आहे, अशा काळात ते असे सगळीकडं पसरतात म्हणे. खालच्या कडेला एक गुलाबी ठिणगी, नुसत्या डोळ्यांना दिसणारी. ती सौरज्वाला. रंग कुठला म्हणशील तर जोतिबाच्या गुलालाचा, हुबेहूब. उजवीकडं खाली शुक्र, डावीकडं वर गुरू, भर दुपारी. आजूबाजूची माणसं ओरडायला लागली, आणि माझ्या तोंडून निघालं, "चांगभलं!" शेजारच्या बाईंनी वळून बघितलं आणि त्याही म्हणाल्या, जमेल तसं.

आता फोटोंचं ऐक. ६०० मिलिमीटरची लेन्स, सेकंदाच्या हजाराव्या भागापासून पूर्ण एका सेकंदापर्यंत वेगवेगळी एक्स्पोजर, सगळं महिनाभर रंकाळ्यावर चंद्रावर घोटून गेलेलो. पण सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो हे माहीत असून विसरलो. मधे एकदा कॅमेरा सरकवून घ्यायचा होता, मी नुसता आ वासून उभा. त्यामुळं करोना बरा आलाय, पण शेवटची अंगठी चौकटीबाहेर अर्धी. तीस वर्षं लग्नाचे फोटो काढणारा माणूस मी, हार घालताना नवऱ्याचं मुंडकंच कापलं म्हण.

तिथं पावणेदोन म्हणजे इथं मध्यरात्र उलटलेली. आईला फोन लावला. जागी होती. "पाडवा लागला की रं," म्हणाली. ग्रहण आपल्याकडं दिसणारं नव्हतं, म्हणजे वेध पाळायचं कारण नाही, पण तिनं पिंपात तुळशीचं पान टाकलेलंच. "तू त्याच्या खाली उभा हायस न्हवं?"

पत्र लिहायचं खरं कारण आता सांगतो. ग्रहणं १८ वर्षं, ११ दिवस आणि आठेक तासांनी परत येतात, सारोस म्हणतात त्याला. २२ जुलै २००९ मध्ये मिळवून बघ. २ ऑगस्ट २०२७! आपलं सुरतेतलं ग्रहण, त्याच घराण्यातलं, परत येतंय. वरच्या आठ तासांत पृथ्वी तिसरा हिस्सा फिरून जाते, म्हणून सावली पश्चिमेला सरकून या वेळी इजिप्तवर पडणार. लक्सरला सहा मिनिटं वीस सेकंद. तिथं ऑगस्टात ढग शोधून सापडत नाहीत, ऊन मात्र भाजून काढणारं. सूर्य जवळजवळ डोक्यावर असणार, तेव्हा स्टँडपेक्षा मानेची काळजी. त्या दिवशी कोल्हापुरातूनही खंडग्रास आहे, म्हणजे आईचे वेध पक्के.

आणि पंचांग बघितलं तर आषाढी अमावस्याच. गटारी. पांढऱ्या रश्श्याचा मसाला मी घेतो, बाकीचं तिथं बघू.

तुझा पासपोर्ट कधी संपतोय ते बघून कळव.

तुझा,
अज्या

ता.क. सुरतेची तिकिटं माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या पेटीत सापडली. तुझ्या तिकिटाचे पैसे तू अजून दिलेले नाहीस.