सानिकाच्या दोन पदव्या

प्रिय विनय,

स.न.

सानिकाला पुण्यात सिव्हिल इंजिनिअरिंग करता करता इतिहासात बी.ए. करायचंय, ते नियमात बसतं का, असं विचारलंस. बसतं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एप्रिल २०२२ मध्ये दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली. दोन्ही कॉलेजांत जाऊन करायच्या तर तासांच्या वेळा आदळता कामा नयेत. सकाळी नऊ ते पाच प्रॅक्टिकलं असलेल्या पोरीला हे कुठलं जमणार? म्हणजे दुसरी पदवी दूरशिक्षणाने: इंग्रजी किंवा हिंदीतून चालत असेल तर इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ), मराठीतून हवी तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ.

इतिहासावर ठाम आहे ना, तेही विचार. चित्रकला-शिल्पकला दूरशिक्षणाने देताच येत नाही, आणि मानसशास्त्र २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंद झालंय. जुनी माहितीपत्रकं अजून फिरतात, त्यांवर जाऊ नका. यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र, तिन्ही ताडून बघा. नुसतं विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणजे झालं असं नाही. प्रवेशाआधी एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चा क्रमांक) आणि त्यावरून डेब आयडी (याच दूरशिक्षण ब्युरोचा क्रमांक) काढावा लागतो. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर गाडी इथेच अडते, तेव्हा ते आधी दुरुस्त करा. मूळ दाखला इंजिनिअरिंग कॉलेजात जमा असेल. त्यांच्याकडून बोनाफाईड घ्या, आणि त्या कॉलेजच्या विद्यापीठाचे दोन पदव्यांबाबत स्वतःचे काही नियम आहेत का तेही तिथेच विचारा.

आता खरी अडचण. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तास अभ्यास. तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची धरली तर वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे १२०० तास, आठवड्याला साधारण २३. सबमिशन, जर्नल, ओरल सांभाळून २३ तास कोणीही काढत नाही. पहिल्या वर्षी उत्साहात सगळे पेपर भरले जातात आणि डिसेंबरात दोन्हीकडे बोंब होते. कारण इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरात, इंजिनिअरिंगच्या सत्र परीक्षाही त्याच्याच आसपास.

उपाय सोपा आहे, फक्त घाई सोडावी लागते. इग्नूच्या बी.ए.ला कमाल सहा वर्षं मिळतात. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे १२० तास; दर सहा महिन्यांना दोन, हलक्या सत्रात तीन, एवढेच द्यायचे. दोन असले की आठवड्याला साधारण नऊ तास, तीन असले की चौदा. इंजिनिअरिंग संपेल तेव्हा बी.ए.चे बरेच पेपर उरतील, उरू देत. असाइनमेंट मात्र कधीच मागे टाकायच्या नाहीत. त्यांना ३० टक्के वजन आहे, परीक्षेला ७०, आणि परीक्षेत कितीही मार्क पडले तरी असाइनमेंट पोचली नसेल तर तो पेपर पूर्ण होत नाही. बहुतेकांची पदवी इथेच लोंबकळते. गणपती आणि दिवाळी यांच्या मधल्या आठवड्यांत हिवाळी सत्राच्या लिहून टाकाव्यात. प्रवेशही शक्यतो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत घ्या. तोवर तिसऱ्या सेमिस्टरचं पाणी कळलेलं असतं. एटीकेटी लागली (विषय राहिले) तर बी.ए. थांबवायची, इंजिनिअरिंग नाही.

सिडनीसारख्या विद्यापीठात बी.ई. आणि बी.ए. मिळून पाच वर्षांत होतात, कारण दोन्ही एकाच आराखड्यात बसवलेल्या असतात. आपल्याकडे दोन सुट्या, पुऱ्या पदव्या आहेत. सूट कोणी देत नाही.

आणि एक, तिला न दुखवता विचार: बी.ए. कशासाठी? स्पर्धा परीक्षेसाठी असेल तर गरज नाही. यूपीएससीत इतिहास हा वैकल्पिक विषय बी.ई.वाल्यालाही घेता येतो. एम.ए.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर घेणारी विद्यापीठंही आहेत, मग बी.ई.नंतर थेट दोन वर्षांत काम होतं. मात्र जुन्या वास्तूंच्या जतनाकडे वळायचं मनात असेल, तर भार वाहणारी भिंत कळणाऱ्या माणसाला ती कोणी आणि का बांधली हेही कळलेलं बरं. तेव्हा हो म्हण.

फॉर्म भरायच्या आधी पेपरांची यादी मला पाठव, पहिले दोन निवडून देतो.

तुझा,
श्रीकांत