भिंतीवरचा ‘ओला-सुका’ गावाला कळेना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या ग्रामपंचायतीने गेल्या वर्षी घरोघरी दोन डबे वाटले, हिरवा आणि निळा. भिंतीवर ‘ओला कचरा हिरव्यात, सुका निळ्यात’ रंगवलं. प्रशिक्षण म्हणून दोन तास भाषण झालं, चहा झाला, फोटो निघाले. पंधरा दिवसांनी चुलतीच्या हिरव्या डब्यात दुधाची पिशवी दिसली आणि निळ्यात वाळलेला लिंबाचा पाला. विचारलं तर म्हणाली, “पिशवी वली हाय, पाला वाळलेला हाय. भिंतीवर तसंच लिव्हलंय की.” बोला आता! ओला-सुका ही शहरातली वाटणी. गावाला पिढ्यान्‌पिढ्या उकिरडा ठाऊक. तिथं एकच बघायचं, कुजतं का नाही.

तो उकिरडाही आता नासलाय. शेण-राखेबरोबर शाम्पूच्या पुड्या, लेकरांचे डायपर, गुटख्याच्या पुड्या. (गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे म्हणे.) वैशाखात हेच खत रानात पडतं. यंदा पाळी घालताना वखराच्या पाशीला (लोखंडी पात्याला) इतक्या पिशव्या गुंडाळल्या, की फेरीगणिक बांधावर बैल थांबवून विळ्याने कापून काढल्या. प्लास्टिकबंदी राज्यात २०१८ ची, एकदा वापरून फेकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी १ जुलै २०२२ ची. आमच्या रानाला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

शिकवायचं तर उकिरड्यावर उभं राहून, पाशीला गुंडाळलेली पिशवी हातात धरून शिकवा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे शोषखड्डे लोकांनी जाऊन पाहिले. सांडपाणी मुरतं, डास हटतात, हे डोळ्यांना दिसलं म्हणून ते दुसऱ्या गावांनी केले. आणि गडीमाणसांनाही बोलवा. प्रशिक्षणाला बसतात बाया, गुटखा थुंकून पुड्या टाकतो आम्ही.

भिंतीवरही ‘कुजणारं’ आणि ‘न कुजणारं’ एवढंच लिहा. न कुजणारं न्यायला महिन्यातून एकदा तरी गाडी फिरवा. दुधाच्या पिशव्या भंगारवाला नेतो, गुटख्याच्या पुड्यांना तोही हात लावत नाही. १५व्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी व स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. त्यातलं चालकाच्या पगाराला काय ठेवलं, हे मी ग्रामसभेत विचारलं, उत्तर ‘बघू’. गाडी ग्रामपंचायतीमागे उभी आहे आणि दिवेलागणीला गल्लीत डायपर जळतात.

– एक शेतकरी, ता. जिंतूर, जि. परभणी